पावसात इलेक्ट्रिक स्मोकर वापरताय? या चुका टाळा

इलेक्ट्रिक स्मोकर म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस शिजवणारं विजेचं यंत्र. आभाळ भरून आलं की बहुतेक जण आधी त्याचं डोकं झाकायला धावतात. छत्री, ताडपत्री, पत्र्याचा तुकडा, हाताला लागेल ते. वरून झाकलं की काळजी मिटली असं वाटतं. पण या यंत्राला वरून पडणाऱ्या पावसापेक्षा जास्त त्रास देतं ते वायरीवरून ओघळत येणारं, जमिनीवर आपटून उडणारं आणि आतल्या तापणाऱ्या कॉइलमध्ये हळूहळू मुरणारं पाणी. त्याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि बिघाड तिथूनच सुरू होतात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बहुतेक स्मोकरच्या माहितीपत्रकात पावसात वापरू नका असं लिहिलेलं असतं, आणि ते पाळायलाच हवं. पुढे जे लिहिलंय ते भर पावसात उघड्यावर स्मोकर चालवण्यासाठी नाही. पक्कं छप्पर आहे, पण हवा दमट आहे, जमीन ओली आहे, सर येऊन-जाऊन आहे, अशा दिवसांसाठी आहे. विजा चमकत असतील तर प्लग काढून ठेवा, तो दिवस सोडून द्या.

आडोसा शोधताना होणारी घोडचूक

पाऊस वाढला की स्मोकर गॅरेजमध्ये किंवा बंद व्हरांड्यात ढकलायचा मोह होतो. कोळसा नाही, गॅस नाही, ज्योत नाही, मग काय बिघडतं? बिघडतं ते लाकडाच्या चिप्समुळे. त्या धुमसतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. मांसाच्या धुराचा खमंग वास सुटलेला असताना तर शंकासुद्धा येत नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवलं म्हणून धोका टळत नाही. घराच्या खिडकीला किंवा दाराला लागून स्मोकर ठेवला तरी धूर आत ओढला जाऊ शकतो.

छप्पर हवं ते बाजूंनी मोकळं असलेलं, उंच, आणि भिंतीपासून माहितीपत्रकात दिलेलं अंतर सोडता येईल असं. चालू स्मोकरवर ताडपत्री किंवा त्याचं कापडी कव्हर कधीच टाकू नका. धुराची झडप बंद होते आणि कव्हर वितळून पेटूही शकतं.

वायरीचा जोड

खरा कच्चा दुवा इथे आहे. पावसाचा थेंब वायरीवर पडतो, वायरीच्या उतारावरून घरंगळत जातो आणि वाट संपते ती थेट प्लगच्या पिनांपाशी. म्हणून प्लगच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाईल आणि वर चढून सॉकेटपर्यंत पोचणार नाही. मांसात खुपसलेल्या थर्मामीटरच्या वायरीलाही असाच झोळ द्या.

शक्यतो एक्स्टेन्शन वापरूच नका. पुष्कळ कंपन्या त्याला मनाई करतात. पर्यायच नसेल तर बाहेर वापरण्यासाठी बनवलेली, अर्थिंगसह तीन तारांची, निदान १.५ चौरस मिलिमीटर जाडीची घ्या. लांबी जास्त असेल तर २.५ची. घरातला टीव्हीमागचा बोर्ड बाहेर आणणं ही चूक इतकी सर्रास होते की वेगळं सांगावं लागतं. ८०० ते १५०० वॅटचं कॉइल तासन् तास चालणार असतं, ते त्या बोर्डाचं काम नाही. बारीक वायर नुसती तापत नाही, व्होल्टेजही पाडते. व्होल्टेज १० टक्के पडलं की कॉइलची उष्णता जवळपास १९ टक्के घटते. ‘पावसाळी हवेत स्मोकर तापतच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हवा नसून हीच वायर असते.

जोड जमिनीवर पडू देऊ नका, उंच लटकवा. त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टी गुंडाळू नका. आत गेलेला ओलावा तिथेच कोंडतो. त्यासाठी झाकण असलेले जोड-डबे मिळतात, तेच वापरा.

आरसीसीबी ट्रिप होते, तेव्हा काय करायचं

बाहेरच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असायलाच हवी. ती नसेल तर ओल्या हवेत बाहेर स्मोकर लावू नका, इतकं हे महत्त्वाचं आहे. आत जाणारा आणि परत येणारा करंट यांत फरक पडला, म्हणजे करंट दुसऱ्याच कुठल्या वाटेने जमिनीत चाललाय असं दिसलं, की ती क्षणात वीज तोडते. ती दुसरी वाट कदाचित तुमच्या शरीरातूनही असू शकते.

ती सारखी पडायला लागली की लोक वैतागतात आणि मग सगळ्यात घातक चूक करतात: स्मोकर आरसीसीबी नसलेल्या दुसऱ्या सॉकेटला लावतात किंवा अर्थिंगची पिनच काढून टाकतात. यंत्र चालतं, पण आता त्याच्या पत्र्यात करंट उतरू शकतो, आणि त्याला हात लावणारा ओल्या फरशीवर उभा असतो. कृपा करून हे करू नका.

आधी पाहा, पडलं काय. एमसीबी (बोर्डावरचा साधा, आपोआप पडणारा स्विच) पडली असेल तर लोड जास्त झालाय किंवा शॉर्ट झालाय. त्याच लाइनवर किटली किंवा हीटर चालू आहे का बघा. आरसीसीबी पडली असेल तर लीकेज आहे. कोरड्या हातांनी, कोरड्या जागी उभं राहून स्मोकरचा प्लग काढा आणि नुसती एक्स्टेन्शन जोडलेली ठेवून आरसीसीबी वर करा. तरीही पडली तर जोडात किंवा वायरीत पाणी आहे. टिकली तर दोष स्मोकरमध्ये आहे.

आणि स्मोकरमध्ये दोष म्हणजे बहुतेक वेळा कॉइल. कॉइलच्या धातूच्या नळीत, तापणाऱ्या तारेभोवती, मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ती ओलावा शोषून घेते. स्मोकर काही महिने दमट जागी पडून राहिला की नळीच्या टोकांच्या सीलमधून बाष्प आत शिरतं आणि पुडीतून थोडाथोडा करंट पत्र्यात झिरपू लागतो. म्हणूनच पावसाचा एक थेंबही न लागलेला स्मोकर पहिल्यांदा चालू करताच, किंवा दोन-चार मिनिटांत, ट्रिप होतो. तो जळलेला असेलच असं नाही. प्लग काढून, दार उघडं ठेवून, कोरड्या आणि उबदार खोलीत दोन-तीन दिवस ठेवा. मग आरसीसीबी असलेल्या सॉकेटवरच, चिप्स न घालता, अगदी कमी तापमानावर चालवून पाहा. टिकला तर तास-दीड तास तसाच चालू द्या, म्हणजे उरलेला ओलावा निघून जातो. नाही टिकला तर इलेक्ट्रिशियनकडून मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून इन्सुलेशन तपासून घ्या.

डिजिटल पॅनेलमध्ये पाणी गेलं असेल, काचेच्या आत धुकं दिसत असेल, आकडे अर्धवट उमटत असतील, तर मात्र चालू करून बघायच्या फंदात पडू नका. ते पूर्ण वाळलं तरी आधी जाणकाराला दाखवा.

आतलं पाणी कुठून येतं?

दमट हवेमुळे मांस ओलं राहतं, धूर नीट चढत नाही, असा समज आहे. २५ अंशांची, बाष्पाने पुरती भरलेली हवासुद्धा ११० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता दोन-तीन टक्क्यांवर येते. बाहेरचा दमटपणा आत जवळपास उरतच नाही. आत जे पाणी असतं ते मांसातलं, पाण्याच्या भांड्यातलं आणि भिजवलेल्या चिप्समधलं. पाऊस करतो ते एवढंच, की वरचा पत्रा गार पाडतो. वाफ त्या गार छताला लागते, तिचे थेंब होतात, ते काजळीत मिसळतात आणि काळे, कडवट होऊन मांसावर टपकतात.

यावर लोक झडप बंद करतात, कारण तिथून पाऊस आत येईल अशी भीती असते. परिणाम उलटा होतो: वाफ आणि शिळा धूर आतच कोंडतो, थेंब वाढतात आणि मांस कडू होतं. झडप उघडीच ठेवा, गरज पडली तर जागा बदला. चिप्स कोरड्या वापरा. भिजवलेल्या चिप्सवर सुरुवातीला जो पांढरा ढग दिसतो त्यात वाफच फार असते. पाण्याच्या भांड्यात पाणी घालायचंच असेल तर गरम आणि थोडं घाला. दार सारखं उघडू नका. उष्णता तर जातेच, पण आत शिरलेल्या हवेने धुमसणाऱ्या चिप्स भसकन पेटूही शकतात.

वारा आणि पाऊस असताना शिजायला वेळ जास्त लागतो, तेव्हा घड्याळावर विसंबू नका. कोंबडी आतून ७४ अंश, खिमा ७१, अखंड मोठे तुकडे किमान ६३ आणि नंतर ३ मिनिटं विश्रांती. शिजायला सुरुवात झाल्यावर मध्येच वीज गेली तर दार बंद ठेवा आणि लगेच घरातल्या ओव्हनची सोय करा. मांस ५ ते ६० अंशांच्या मध्ये २ तासांहून जास्त राहिलं असेल, किंवा किती वेळ राहिलं ते कळायला मार्ग नसेल, तर टाकून द्या. पुन्हा तापवल्याने जंतू मेले तरी त्यांनी सोडलेली काही विषं तशीच राहतात.

काम झाल्यावर

गरम स्मोकरवर लगेच कव्हर चढवलं की आतली वाफ रात्रभर तिथेच राहते. चरबी, ओलावा आणि अंधार मिळाला की आठवड्याभरात जाळ्यांवर बुरशी दिसते. गार होऊ द्या, तेलकट ट्रे रिकामा करा, राख काढा, दाराचं गास्केट (कडेची सीलची पट्टी) कोरड्या फडक्याने पुसा आणि दार बोटभर उघडं ठेवून मगच घरात किंवा कोरड्या खोलीत हलवा. पाय थेट फरशीवर न ठेवता लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. पावसाच्या दिवसांत स्मोकर वापरायचा नसला, तरी महिन्यातून एकदा तासभर रिकामा तापवून घेतला की कॉइलमध्ये ओल साचत नाही.