उसाचा फोटो ग्रुपवर टाकताना

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उसाच्या पिवळ्या पानाचा एकच फोटो टाकला, की कागलपासून शिरोळपर्यंत दहा जण दहा औषधं सुचवतात. त्यापेक्षा असं करा:

१. सकाळच्या उजेडात तीन फोटो काढा: लांबून उसाचा फड, पूर्ण बेट (एका बुडख्यातून फुटलेले सगळे ऊस) आणि पान जवळून. पान उलटं करून खालची बाजू दाखवाच. लोकरी मावा (पानाचा रस शोषणारी पांढरी कीड) तिथंच बसतो, आणि नेमकी तीच बाजू कोणी टाकत नाही.

२. सोबत व्हॉइस मेसेज: जात (उदा. को ८६०३२), लावण (नवी लागण) की खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस), महिना, शेवटचं खत-पाणी.

ग्रुपवरचा डोस बघून लगेच फवारणीचा पंप उचलू नका. आधी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा किसान कॉल सेंटरला (१८००-१८०-१५५१, मोफत, मराठीतून) विचारा.