मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटची घरी काळजी घेताना या चुका टाळा

"पडून राहा, हाड जुळू दे." मायेपोटी होणारी ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. ऑपरेशन करतात तेच मुळी पेशंटला लवकर उभं करता यावं म्हणून. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी उठवतात. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होऊ शकतात, अंगातली ताकद झपाट्याने जाते. पायावर किती भार द्यायचा ते सर्जनना स्पष्ट विचारा आणि तेवढा बिनधास्त देऊ द्या.

उठायला नकार मिळाला तर हट्टीपणा म्हणू नका, आधी दुखणं बघा. डॉक्टरांनी दिलेली पेनकिलर अगदीच सहन होईना तोवर अडवून ठेवण्यात अर्थ नाही. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी पोटात गेली, तर पेशंट पाऊल टाकायला तयार होतो. पेनकिलर तीव्र असेल तर बद्धकोष्ठतेचं औषधही पहिल्यापासून विचारून घ्या.

काखेत हात घालून ओढू नका, खांदा दुखावतो. पेशंटला खुर्चीच्या कडेशी सरकू द्या, दुखरा पाय थोडा पुढे, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. जोर देऊन उभं राहिल्यावरच वॉकर धरायचा. वॉकरला धरून उठलं तर तो उलटतो. चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.

खुब्यातला बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचं गोल टोक, बदलला असेल, तर बुटकी खुर्ची, बुटका कमोड आणि पायावर पाय टाकणं सहसा वर्ज्य असतं. रॉड किंवा स्क्रू असेल तर ही बंधनं बहुधा नसतात. उगाच लादू नका.

टाचेकडे कुणाचंच लक्ष जात नाही, आणि पडून पडून दाबाने होणारी जखम बऱ्याचदा तिथेच होते. उशी पोटरीखाली लांबवर घाला, टाच अधांतरी राहिली पाहिजे. दाबूनही न जाणारी लाली म्हणजे जखमेची सुरुवात.

रात्री अचानक बरळायला लागले तर "वय झालं" म्हणून सोडू नका. जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, कमी पाणी, एखादं औषध, काहीही कारण असू शकतं. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. चष्मा आणि कानाचं मशीन हाताशी ठेवा. पोटरी सुजली, धाप लागली किंवा पाय एकाएकी आखूड दिसू लागला, तर मात्र तडक हॉस्पिटल गाठा.

आणि नुसतं चालता चालता पडून खुबा मोडला असेल, तर हाडं ठिसूळ झालेली असण्याची दाट शक्यता असते. त्यावर औषधं आहेत, पण ती सुरू करायचीच राहून जातात. टाके काढायला जाल तेव्हाच विचारा.