ऑटोमॅटिक पिकअपचा गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

मॅन्युअल गिअरबॉक्स डोळे झाकून उघडून परत जोडणारे फिटर पुण्यात नाना पेठेपासून भोसरीपर्यंत सापडतात. ऑटोमॅटिकचं तसं नाही. आपल्याकडे ऑटोमॅटिक पिकअप आल्याच उशिरा. इसुझू व्ही-क्रॉसला ऑटोमॅटिक मिळाला 2019 साली, टोयोटाची हायलक्स आली 2022 मध्ये. त्याआधी कुणी हात चालवला असेल तर तो फॉर्च्युनर, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांवर. त्यामुळे कात्रजच्या चढावर इंजिन नुसतंच रेस व्हायला लागलं आणि गाडी ओढेनाशी झाली, की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "साहेब, क्लच प्लेटा गेल्या, बॉक्स उतरवावा लागेल."

लागेलही कदाचित. पण बॉक्स उघडून नवीन सामान टाकायचं म्हणजे खर्च लाखाच्या घरात जातो, आणि एकदा तो टेबलावर पसरला की मालकाच्या हातात काही उरत नाही. म्हणून आधी ऑइल, मग करंट, मग स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातली माहिती वाचणारं यंत्र) आणि सगळ्यात शेवटी पाना. बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्याने होतात.

ऑइल बघायची पद्धतच चुकते

इंजिन ऑइल बघतात तसं सकाळी थंड गाडीचं, इंजिन बंद ठेवून गिअरबॉक्सचं ऑइल बघणारे पुष्कळ आहेत. ज्या गाड्यांना डिपस्टिक आहे, त्यांतल्या बहुतेकींची रीत अशी: गाडी सपाटीवर, इंजिन चालू, ऑइल गरम. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक खाच्यातून सावकाश फिरवायची, परत 'पी'त (पार्क) आणायची आणि मग काडी ओढायची. काही कंपन्यांची पद्धत वेगळी आहे, म्हणून गाडीचं पुस्तक उघडून बघाच.

नव्या बॉक्सना डिपस्टिकच नसते. तिथे बाजूला किंवा खाली एक चेक प्लग असतो. इंजिन चालू ठेवून, ऑइल ठराविक तापमानाला आलं की तो उघडायचा. टोयोटाच्या अनेक बॉक्सना हे तापमान 40 अंशांच्या आसपास लागतं, आणि ते स्कॅनरवर दिसतं. प्लगमधून बारीक धार येऊन ती थेंबाथेंबावर आली की पातळी बरोबर. ऑइल तापून फुगलेलं असताना प्लग उघडला तर गरजेचं ऑइलही वाहून जातं, आणि गाडी पहिल्यापेक्षा जास्त घसरायला लागते, म्हणजे इंजिन रेस होतं पण गाडी ओढत नाही. उलट जास्त भरलं तर आतले फिरते भाग ऑइलचा फेस करतात. फेसाने प्रेशर बनत नाही, म्हणजे लक्षण पुन्हा तेच.

ऑइलचा एक थेंब पांढऱ्या कापडावर टाका. लालसर असेल तर ठीक. तपकिरी झालं असेल तर बदलायची वेळ झाली. काळं आणि जळका वास असेल तर प्लेटांचं अस्तर जळलंय. आणि दुधाळ गुलाबी, स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसलं तर गाडी पुन्हा चालू करू नका, कारण आत पाणी गेलंय. हे पाणी दोन वाटांनी येतं. एक, रेडिएटरच्या आत बसवलेला ऑइल कूलर फुटून कूलंट मिसळतं. दुसरी, पुराचं पाणी ब्रीदरमधून (बॉक्सला हवा खेळायला ठेवलेल्या नळीतून) शिरतं. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी भरलं, तशा प्रसंगी पार्किंगमध्ये बुडालेली गाडी धुऊन-पुसून चालू करायची घाई होते. पाण्याने प्लेटांवरच्या अस्तराचा गोंद सुटतो. त्यामुळे आज नीट चालणारी गाडी काही आठवड्यांनी घसरू लागते, आणि तोपर्यंत पाण्याची आठवणही राहिलेली नसते. अशा गाडीत नुसतं ऑइल बदलून भागत नाही. कूलर फुटला असेल तर रेडिएटरही बदलावा लागतो.

"लाल ते सगळं सारखंच" हा गैरसमज तर फारच महाग पडतो. डेक्स्रॉन थ्री आणि टोयोटाचं डब्ल्यूएस, दोन्ही लाल. पण दाटपणा वेगळा, घर्षणाचे गुण वेगळे. काउंटरवरचा माणूस "चालतंय की" म्हणाला म्हणून घेऊ नका. डब्यावरचा स्पेक पुस्तकातल्या स्पेकशी जुळवा. सीव्हीटीचं (पट्ट्यावर चालणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकचं) ऑइल तर चुकूनही नको.

आता फ्लशिंग. चेंबरचा (बॉक्सखालच्या ऑइलच्या पात्राचा) प्लग उघडून ऑइल काढलं तर साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं बाहेर येतं, बाकीचं मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणारा भाग) राहतं. म्हणून लोक मशीन लावून सगळं एकदम बदलतात. चांगल्या चालणाऱ्या बॉक्सला ते ठीक. पण आधीच घसरणाऱ्या, वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या बॉक्सला मी मशीन लावू देणार नाही. तिथे थोडं थोडं, दोन-तीन खेपांत बदललेलं बरं. झिजलेलं अस्तर नव्या ऑइलने परत येत नाही, हेही ध्यानात ठेवा. "लाइफटाइम ऑइल" या लेबलवर विसंबून तर मुळीच राहू नका.

चेंबर उतरवलाच आहे तर चुंबकांकडे बघा. करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर काळजी नाही. पितळेचे चकचकीत कण किंवा ॲल्युमिनियमचे तुकडे हाताला लागले तर मात्र बॉक्स उतरवण्याची चर्चा खरी.

कोड वाचला, पण अर्धाच

स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी0700 दिसला की "गिअरबॉक्स गेला" असा निकाल देतात. हा कोड फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी तक्रार नोंदली आहे. खरी तक्रार पुढच्या कोडमध्ये असते. पी0715 आणि पी0720 अनुक्रमे इनपुट आणि आउटपुट स्पीड सेन्सरचे, पी0750 शिफ्ट सोलेनॉइडचा (गिअर बदलायला ऑइलची वाट उघडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), पी0741 कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचचा (इंजिन आणि बॉक्स थेट जोडणारी क्लच). स्वस्त स्कॅनर कित्येकदा गिअरबॉक्सच्या कंट्रोलरपर्यंत पोचतच नाही. आणि लिहून न घेता कोड पुसणं म्हणजे पुरावा जाळणं.

त्याआधी बॅटरी बघा. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. चॅसीवरची अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर सोलेनॉइडला पुरता करंट मिळत नाही आणि बॉक्स एकाच गिअरमध्ये अडकून बसतो. गाडी बंद करून चालू केल्यावर सगळे गिअर परत येत असतील तर आधी चांगला वायरमन गाठा.

60 ते 80 च्या वेगात, हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी थरथरते? मोकळा रस्ता, मागे कुणी नाही असं बघून ॲक्सिलरेटर तसाच धरा आणि डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा. ब्रेक लाइट लागेल इतकाच, दाबायचा नाही. त्याने लॉकअप सुटतं. थरथर तत्क्षणी थांबली तर संशय कन्व्हर्टरवर, नाही थांबली तर इंजेक्टर, माउंटिंग नाहीतर प्रॉपेलर शाफ्ट. बाहेर काढलेल्या कित्येक कन्व्हर्टरचा काही दोष नसतो, मिसफायर इंजिनचाच असतो.

सगळेच गिअर घसरत असतील तर ऑइल, फिल्टर, पंप. एकच घसरत असेल तर त्याची क्लच किंवा सोलेनॉइड. रिव्हर्सला बहुधा सर्वांत जास्त प्रेशर लागतं, म्हणून झीज तिथे लवकर दिसते.

रस्त्यातल्या चुका

बंद पडलेली रिअर-व्हील ड्राइव्ह ऑटोमॅटिक दोर बांधून ओढू नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आतले भाग कोरडे फिरतात. फ्लॅटबेड बोलवा. दिवे घाटातल्या कोंडीत गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक लावा. तोलून धरल्याने सगळी उष्णता कन्व्हर्टरमध्ये साठते. उतारावर आधी हँडब्रेक, मग 'पी'.

बॉक्स उतरलाच तर

जुन्या कूलरमध्ये आणि त्याच्या पाइपमध्ये अडकलेला चुरा नव्या प्लेटांवर येतो, म्हणून कूलर धुवायला किंवा बदलायला सांगा. कन्व्हर्टरचंही तसंच. तो बसवण्याआधी त्यात ऑइल ओतायचं आणि फिरवत फिरवत आत ढकलायचा. शाफ्ट आणि पंपाच्या खाचांत तो टप्प्याटप्प्याने 'खट' करत बसतो. पूर्ण न बसताच बेल हाउसिंगचे (बॉक्सचं इंजिनला जोडायचं तोंड) बोल्ट आवळले तर पंप फुटतो, आणि हे इंजिन सुरू केल्यावरच कळतं. बॉक्स आणि इंजिनचं तोंड मिळाल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतोय का, हे बोल्ट आवळण्याआधी स्वतः उभं राहून बघा.

जुने सुटे भाग मागून घ्या, वॉरंटी बिलावर लिहून घ्या. स्कॅनरने अ‍ॅडॅप्टेशन (कंट्रोलरने झिजेप्रमाणे लावून घेतलेला हिशोब) रीसेट करून घ्या, नाहीतर कंट्रोलर जुन्या झिजलेल्या प्लेटांच्या हिशोबानेच गिअर टाकत राहतो. पहिले काही दिवस शिफ्ट जरा झटका देईल. त्या काळात माल भरून खंबाटकी चढू नका, आणि गाडी दोन-चार वेळा पुरती तापून निवली की ऑइलची पातळी परत एकदा बघा.