होडीत सबवूफर बसवायचाय? मग बॉक्स आणि वायरिंग असं करा

मालवण-तारकर्लीकडे टूरिस्ट होडीवर गाणी पाहिजेत म्हणून लोक गाडीतला वूफर, म्हणजे खोल धमधम आवाजाचा मोठा स्पीकर, बॉक्ससकट उचलून आणतात, आणि तो बॉक्स बहुतेक एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) असतो, खाऱ्या दमट हवेत तो भिजत घातलेल्या वालासारखा फुगतो. प्लाय घ्या, १८ एमएमचा, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छाप असलेला मरीन.

१० इंची वूफरला साधारण २५ ते २८ लिटरचा बंद बॉक्स बहुतेक वेळा पुरतो, तरी कंपनीच्या कागदावरचा आकडाच धरा. आतली मापं ४० x ३५ x २० सेमी घेतली तर २८ लिटर होतात, त्यातून वूफरची स्वतःची जागा वजा. पोर्टवाला, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेला बॉक्स जास्त वाजतो हे खरं, पण त्या भोकातून फवारा आत जातो, मला तरी होडीत तो पटत नाही.

जोडाला इपॉक्सी आणि एसएस ३१६ (खाऱ्या हवेत टिकणारं स्टेनलेस स्टील) चे स्क्रू. मग आतून-बाहेरून त्याच इपॉक्सी रेझिनचे तीन हात, आणि प्लायची कापलेली कड सगळ्यात जास्त पाणी पिते, तिला एक हात जादा द्या. वूफरचं भोक, स्क्रूची भोकं, वायरचं भोक सगळं रेझिनच्या आधी पाडून घ्या, नंतर ड्रिल मारलं की तिथूनच पाणी शिरतं. हे काम पावसात नको, दमट हवेत रेझिन चिकट राहतं. वूफरखाली फोमचं गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) लावा, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातल्या अ‍ॅसिडने तांबं गंजतं.

आता वायरिंग, खरी वाट इथेच लागते. गाडीत अर्थिंग, म्हणजे मायनस, लोखंडी बॉडीला मारतात, फायबरच्या होडीला तशी बॉडीच नाही, म्हणून प्लस जेवढी जाड तेवढीच जाड मायनस थेट बॅटरीपर्यंत न्यायची. तांब्यावर कथिलाचा मुलामा असलेली टिन्ड वायरच घ्या, साधी आतून हिरवी पडत जाते आणि वरून कळतही नाही. ५०० वॉट आरएमएसचा, म्हणजे सलग तेवढी ताकद देणारा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) १२ व्होल्टवर ४५-५० अँपिअर ओढू शकतो, तेव्हा चार-पाच मीटरला १६ स्क्वेअर एमएम आणि ६० अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत. वायरच्या टोकाचा लग (जोडायची धातूची कडी) नीट क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी).

ड्युअल ४ ओमचा, म्हणजे ४-४ ओमच्या दोन कॉइलचा वूफर पॅरलल जोडला की २ ओम होतो, अ‍ॅम्पला ते झेपतं का आधी बघा, नाहीतर सिरीजमध्ये ८.

इंजिन स्टार्टची बॅटरी गाण्यांना अजिबात जोडू नका, दुसरी ठेवा, नाहीतर खाडीच्या मुखाशी ओहोटीला इंजिन उठणार नाही आणि वल्ही शोधत बसाल. अ‍ॅम्प पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यात नको, ठिणगीचा धोका असतो. वूफरचं मॅग्नेट होकायंत्रापासून लांब, बसवल्यावर सुई हलली नाही ना ते बघून घ्या. पावसाळ्यात होडी वर ओढली की वूफर नि अ‍ॅम्प काढून घरी न्या, वायरच्या टोकांना टेप मारा.