रीफ टँकच्या मागच्या काचेला कोणता रंग द्यावा, आणि कसा

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवायचा काचेचा टँक. त्याच्या मागच्या काचेचा रंग पाणी भरण्याआधीच ठरवून टाका. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टँकमध्ये सुमारे ३४० लिटर पाणी मावतं. एकदा भरला की तो भिंतीपासून हलत नाही. नागपुरात मागची काच उघडी ठेवणं आणखी गैरसोयीचं आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि रीफला २५-२६ अंश लागतात, म्हणजे पाणी गार ठेवणारा चिलर आलाच. त्याचे जाड पाइप, पंपांच्या वायरी, भिंतीवरचे ओघळ, सगळं समोरून दिसत राहतं.

रंग कोणता

शंका असेल तर काळा. हिरव्या टोकांचं टॉर्च कोरल, केशरी झोअँथिड कोरल, पिवळा टँग मासा, सगळे काळ्यावर उठून दिसतात आणि पंप, वायरी अंधारात जिरतात. अडचण गडद माशांची. काळा क्लाऊन मासा काळ्यापुढे गेला की फक्त पांढरे पट्टे पोहताना दिसतात. शिवाय काळ्या काचेत आतून प्रतिबिंब पडतं. टँगसारखे भांडखोर मासे सुरुवातीला त्यावर धावून जातात. बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं. आरसा मात्र मागे कधीच लावू नका, तिथे हे भांडण मिटतच नाही.

गडद निळा खोली दाखवतो, पण रीफचे दिवे मुळातच निळे. त्याखाली निळी काच स्वतःच उजळते आणि ब्लू टँग, क्रोमिस असे निळसर मासे त्यात दिसेनासे होतात. फिकट आकाशी तर संध्याकाळी निळे एलईडी एकटे चालू असताना भडक दिसतो. पांढऱ्याने टँक मोठा आणि मोकळा वाटतो, मात्र साध्या जाड काचेतून तो किंचित हिरवट दिसतो आणि शेवाळाचा पहिला ठिपकासुद्धा लपत नाही. रोज काच घासायची तयारी असेल तरच पांढरा. कोरल आणि शिंपल्यांचे छापील पोस्टर टाळा. खऱ्या कोरलशेजारी ते खोटं दिसतं.

ठरत नसेल तर स्टेशनरीतून काळा आणि गडद निळा कार्डशीट आणा आणि टँकच्या मागे अर्धा-अर्धा चिकटवा. भर दुपारी, सगळे दिवे लावून आणि फक्त निळ्या दिव्यात, असं तीनदा पाहा. पांढरा तपासायचा असेल तर कागद घेऊ नका. बहुतेक पांढऱ्या कागदांत चमक आणणारी रसायनं असतात, जांभळ्या एलईडीखाली ती झळाळतात आणि अंदाज चुकतो. काचेच्या तुकड्यावर रंगच लावून पाहा.

आणखी एक गोष्ट या निवडीआधी ठरवा: मागची काच घासत राहणार की नाही? पाण्यातलं कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ४२० भाग) आसपास आणि अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पेलण्याची पाण्याची क्षमता, ८-९ डीकेएच (तिचं एकक) राहिली की जांभळं कोरलाइन शेवाळ काच व्यापू लागतं. वर्षभरात रंग त्याखाली झाकला जाऊ शकतो. बऱ्याच जणांना ते आवडतं. तसं असेल तर रंगावरून घरात वाद घालण्यात अर्थ नाही, काळा लावा आणि मोकळे व्हा.

रंग लावणे

रंग नेहमी काचेच्या बाहेरून. आतून कधीच नाही. पाण्यावर आधारित अॅक्रिलिक इमल्शन घ्या, आठ चौरस फुटांच्या काचेला तीन हातांसाठी २०० मिली पुरतं. टँक काचेचा नसून अॅक्रिलिकचा असेल तर थिनर किंवा ऑइल पेंट जवळही आणू नका, बारीक तडे जातात.

दोघांनी धरून टँक समोरच्या काचेवर, जाड गोधडीवर आडवा करा. सिलिकॉनचे डाग ब्लेडने काढा, मग काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोटांचे ठसे राहिले तर तिथेच रंग सुटतो. कडांना मास्किंग टेप लावा. पाइपसाठी भोकं असतील तर रबरी वॉशर बसतो तेवढी जागा आणि भोवती ५ मिमी कोरी सोडा. वॉशरखाली रंग आला की तो पुढे सुटतो आणि गळती लागते. ओव्हरफ्लो कप्प्यामागचा (वरचं पाणी ओसंडून ज्यात पडतं त्यामागचा) भागही उघडा ठेवा. मासा आत पडला तर टॉर्च मारून बघता येतं.

पहिला हात फोम रोलरने उभा आणि पातळ द्या. तो ठिगळ-ठिगळ दिसेल, दिसू द्या. जाड थापला तर वाळताना ओढला जातो आणि समोरून रेघा दिसतात. दुसरा हात आडव्या दिशेने, तिसरा पुन्हा उभा. मध्ये दोन ते चार तास सोडा, पावसाळ्यात रात्रभर. मे महिन्यात काम सकाळी लवकर उरका. दुपारच्या गरम काचेवर रंग रोलरखालीच वाळतो. कूलरचा झोत बंद ठेवा, वाळ्याची कुसं ओल्या रंगावर येऊन बसतात.

आतून मोबाइलचा टॉर्च लावा. उजेडाचे ठिपके दिसले तर आणखी एक हात. शेवटचा हात अर्धवट ओला असतानाच टेप काढा, वाळल्यावर काढलीत तर कड फाटते. उचलण्याआधी २४ तास थांबा.

टँक आधीच भरलेला असेल तर

साइनबोर्डवाल्याकडून काळं मॅट व्हायनल (मागे गोंद असलेली पातळ प्लास्टिक शीट) कापून आणा. मागे हात जाण्याएवढी जागा असेल तर अर्धा लिटर पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून काचेवर फवारा, व्हायनल बसवा आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढा. जागा अगदी कमी असेल तर काळी कडक शीट वरून सरकवून टेपने धरा. मात्र काच आणि शीट यांत हवा राहिली की मागची बाजू रुपेरी दिसते. शीटला रिफाइंड तेलाचा पातळ हात दिला तर ती चिकटून बसते. खोबरेल नको, डिसेंबर-जानेवारीत थिजून पांढरे डाग उमटतात.

वरची कड टेपने पूर्ण बंद करा. खारं पाणी उडून तिथेच झिरपतं आणि वाळलेलं मीठ व्हायनल उचलतं, रंगाचीही साल काढतं. कड दर आठवड्याला गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, आणि टँक व भिंतीत किमान चार इंच ठेवा, नाहीतर फडकं तिथे पोहोचणारच नाही.