या चुका टाळा: घरच्या शेडमधला ग्राइंडर, कटर आणि खिळ्याला टांगलेला गॉगल

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी २२ वर्षं फिटर होतो. एवढ्या वर्षांत डोळ्याला कधी काही लागलं नाही. लागलं ते घरी, परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, गेटची गंजलेली कडी कापताना. गॉगल हाताच्या अंतरावर खिळ्याला टांगलेला होता. कारखान्यात तसा मशीनला हात लावला असता तर सुपरवायझरनं तिथंच थांबवलं असतं. घरी थांबवणारं कुणी नव्हतं आणि काम दोन सेकंदांचं होतं.

आपल्या बेळगाव भागात फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये काम केलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे घरात ग्राइंडर, ड्रिल, मार्बल कटर असणं नवीन नाही. गणपतीच्या आधी तर मखरापासून मंडपाच्या सांगाड्यापर्यंत सगळं दारातच कापलं जातं. हात सराईत असतात, आणि म्हणूनच मी हे लिहितोय. घरी मी पाहिलेल्या बहुतेक जखमा नवशिक्यांच्या नव्हत्या. कारखान्यात नियम पाळणाराच माणूस घरी आल्यावर गार्ड काढून ठेवतो.

गार्ड काढणं

४ इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे फिरतो. म्हणजे डिस्कची कड ताशी २०० किलोमीटरच्या पुढं पळत असते. एवढ्या वेगात डिस्क फुटली तर तिचे तुकडे गार्डच्या पत्र्यावर आदळायला हवेत. गार्ड नसेल तर ते पोटात, मांडीत किंवा गळ्यात शिरतात.

गार्ड काढण्याचं एक कारण म्हणजे ५ इंची डिस्क बसवायची हौस. ४ इंची डिस्कचं भोक १६ मिलिमीटरचं असतं, ५ इंचीचं २२ मिलिमीटरच्या थोडं वर. मधली फट भरायला लोक वायसर नाहीतर पत्र्याचं कडं घालतात. डिस्क मधोमध बसत नाही, थरथरते, आणि गार्ड तर आधीच काढलेलं असतं. ७ इंची डिस्कचा विषयच नको. तिच्यावर साधारण ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते आणि आपलं मशीन ११,००० नं फिरतं. डिस्कवर छापलेला आकडा मशीनवरच्या आकड्यापेक्षा मोठाच पाहिजे. हे दोन आकडे ताडून बघायला चष्मा पुसण्याएवढाच वेळ लागतो.

दुसरं कारण मला शेजारच्या पोरानं सांगितलं, "खरं मामा, गार्ड असलं की कोपऱ्यात पोचतच नाही." त्याचं म्हणणं खरं आहे. पण तो कोपरा हॅक्सॉ ब्लेडनं कापायचा. दहा मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

डिस्कला एक्स्पायरी असते हे कितीतरी जणांना माहीत नाही. मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, बनवल्यापासून साधारण ३ वर्षांचं. या डिस्कचे कण राळेनं बांधलेले असतात आणि ओल लागली की ती राळ कमजोर होते. खानापूरकडं जूनपासून भिंतीला पाणी सुटतं, आणि त्याच भिंतीच्या खिळ्याला वर्षभर लटकलेली डिस्क दिसायला नवीच दिसते. डिस्का झाकणाच्या डब्यात, आडव्या, कोरड्या जागी ठेवा. खाली पडलेली डिस्क टाकून द्या, चीर दिसो न दिसो. नवी डिस्क बसवली की मशीनचं तोंड माणसांपासून दूर वळवून ती अर्धा-एक मिनिट रिकामी फिरवा. फुटायची असेल तर बहुधा तेव्हाच फुटते. आणि कापायच्या पातळ डिस्कच्या बाजूनं घासू नका. ती बाजूचा दाब सोसायला केलेली नसते.

लाकडाचं पातं चुकीच्या मशीनला

बोटं जाण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं, म्हणून इथं जरा थांबतो.

दात असलेलं लाकडाचं पातं ग्राइंडरला लावू नका. कधीच नाही. दगडी डिस्क अडकली तर घासते किंवा फुटते, पण दात लाकडात रुतले की सगळं मशीन उसळतं. कारागीर म्हणतात, किक मारली. ग्राइंडरला आधाराची पट्टी नसते, तो दोन हातांत अधांतरी धरलेला असतो. किक मारली की तो धरणाऱ्याच्या अंगावर येतो. त्यातून बटण सरकवून अडकवायचं असेल तर हातातून सुटलेलं मशीन फिरतच राहतं.

मार्बल कटरला लाकडाचं पातं लावणं तर इतकं रुळलंय, की दुकानदारही तेच पातं काढून देतो. मार्बल कटरचं गार्ड फक्त वरच्या अर्ध्या भागाला असतं, खालचं पातं उघडं राहतं. लाकूड कापायच्या सर्क्युलर सॉला खाली स्प्रिंगचं झाकण असतं. कट संपला की ते आपोआप मिटतं. फरक एवढाच, पण कट संपवून मशीन मांडीजवळ खाली आणताना पातं अजून फिरत असतं, आणि बोट नाहीतर मांडी तेव्हाच कापली जाते. वर्षातून चार फळ्या कापायच्या असतील तर हातकरवत पुरते. जास्त काम असेल तर सर्क्युलर सॉच घ्या.

किक का मारते तेही समजून घ्या, म्हणजे टाळता येते. फळीचे दोन्ही टोकांचे आधार बाहेरच्या बाजूला असले आणि कट मधोमध घेतला, की कापताना फळी मध्ये वाकते आणि फट मिटून पात्याला चिमटते. म्हणून कापून पडायचा तुकडा मोकळा लोंबता ठेवायचा आणि फळी आधाराच्या लगत कापायची. ओलं लाकूडही असंच चिमटतं. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, एका बाजूला राहायचं. मशीन मागं उसळलं तर त्याच रेषेत येतं.

व्हिडिओ बघून प्लायवुडच्या खाली कटर उलटा बसवून टेबल सॉ करायची आता टूम आहे. बटण टेबलाखाली, मागं फट उघडी ठेवणारी पट्टी नाही, वर गार्ड नाही, आणि फळी बोटांनी ढकलायची. मी दोन जणांना ते टेबल मोडायला लावलं. ज्याला मोडवत नसेल त्यानं निदान ढकलायला लाकडी काठी करावी, हाताला लागेल असं बटण बाहेर काढावं, आणि लहान तुकडे त्यावर कापूच नयेत.

हातमोजा, दोरा, ओढणी

सेफ्टीचं सामान म्हटलं की लोक आधी हातमोजे घालतात. ड्रिलला, विशेषतः उभ्या बेंच ड्रिलला, लेथला आणि टेबल सॉला हातमोजे घालायचे नाहीत. सुती मोज्याचा एक धागा बिटला गुंडाळला की बोटही त्याच्याबरोबर ओढलं जातं. हात मागं घ्यायला सवडच मिळत नाही. ग्राइंडरला घट्ट बसणारे चामडी मोजे चालतात, ढगळ सुती नाहीत.

मनगटातला दोरा, कडं, अंगठी काढून ठेवा. अंगठी अडकली तर बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. लुंगी नेसून, उपरणं टाकून कटर चालवू नका. पदर, ओढणी, मोकळे केस बांधून घ्या. नायलॉनच्या कपड्यावर ठिणगी पडली की ते वितळून अंगाला चिकटतं. मखराचा थर्मोकोल आणि थिनरचा डबा असतील त्या खोलीत ग्राइंडर चालवू नका.

ड्रिलची एक गोष्ट राहिली. बाजूचा दांडा लावूनच मोठं भोक पाडा. स्लॅबमधली सळी लागून बिट अडकलं की मशीन फिरतं आणि मनगट पिरगळतं. पत्र्याचा तुकडा हातात धरून भोक पाडू नका, शिकंज्यात आवळा. नाहीतर तो बिटबरोबर फिरून हात कापतो.

डोळा

नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. त्याला बाजूनं आडोसा नसतो. भारतीय मानक आयएस ५९८३ चा शिक्का असलेला, बाजू झाकलेला गॉगल घ्या. चष्म्यावरून बसणारेही मिळतात. ग्राइंडरला तोंडावरची काच, म्हणजे फेस शील्ड, गॉगलच्या वर लावायची असते. नुसतं शील्ड पुरत नाही, कण हनुवटीखालून वर येतात.

गॉगल न लावण्याचं खरं कारण बहुतेक वेळा आळस नसतो, धूसर काच असते. धूळ कोरडी पुसली की काचेवर चरे पडतात, मग दिसत नाही, मग गॉगल खिळ्याला जातो. माझा तसाच गेला होता. पाण्यानं धुवा, चरे पडले की नवा घ्या. आणि पाइप धरायला उभ्या केलेल्या पोरालाही गॉगल द्या. ठिणग्या बऱ्याचदा त्याच्याकडंच उडतात. काम झाल्यावर आधी मान खाली घालून केस आणि भुवया झटका, मग गॉगल काढा. भुवईवरचा कण गॉगल काढल्यावर डोळ्यात पडतो.

माझ्या डोळ्यात गेलेला कण मी चोळला. एक मित्र रुमालाचं टोक घेऊन काढायला सरसावला. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला. लोखंडाचा कण बुबुळावर बसला की भोवती गंजाचं कडं धरतं. डॉक्टरांनी थेंब टाकून डोळा बधिर केला, कण काढला आणि तो गंज खरवडला. माझं नशीब की कण वरच होता. छिन्नीवर हातोडी मारताना उडालेली कपची बुबुळ भेदून आत जाऊ शकते. बाहेर बारीक टिंब दिसतं, दुखणंही कमी असतं. तशी शंका असेल तर डोळा धुऊ नका, चोळू नका, दाबू नका. डोळ्यावर कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टी लावा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा. काय ठोकत होतो, काय कापत होतो ते सांगा. डोळ्यात लोखंड असताना एमआरआय करत नाहीत, म्हणून हे सांगणं फार महत्त्वाचं आहे.

कान आणि छाती यांचं नुकसान लगेच दिसत नाही. ग्राइंडरचा आवाज सहज ९५ डेसिबलच्या पुढं जातो, आणि बंद पत्र्याच्या शेडमध्ये तो जास्तच झोंबतो. कानातले फोमचे बोळे स्वस्त मिळतात, ते पिळून आत घाला. फरशी, दगड, काँक्रीट कोरडं कापताना उडणारी बारीक सिलिकाची धूळ रुमालातून पार होते. एफएफपी२ दर्जाचा मास्क नाकावर दाबून बसवा आणि शक्यतो पाणी मारत कापा. अर्थात पाणी घ्यायला केलेल्या मशीननंच.

करंट

पावसाळ्यात शेडची जमीन ओली असते. प्लग तुटला म्हणून वायरी सोलून आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचायची सवय मी अजून बघतो. एमसीबी शॉकपासून वाचवत नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, लागतो, तो इलेक्ट्रिशियनकडून शेडच्या लाइनला बसवून घ्या. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या मशीनला दोन पिनांचा प्लग चालतो. बाकीच्यांना तिसरी पिन आणि चालू अर्थिंग हवंच.

आणि लाइट गेली की काय करता? मशीन खाली ठेवून चहाला जाता. बटण चालूच राहतं. लाइट येते तेव्हा ग्राइंडर जमिनीवर आपोआप फिरत सुटतो, आणि तेव्हा शेडमध्ये कदाचित पोरं असतात. लाइट गेली की आधी बटण बंद, मग प्लग काढायचा. डिस्क बदलतानाही प्लग काढलेलाच पाहिजे.

मदतीला कन्नड बोलणारा कामगार असेल तर थांबायचा शब्द आधीच ठरवून घ्या. आमच्या शेडमध्ये "बंद माडु" हाच शब्द सगळ्यांना आहे. आवाजात तो ऐकू येत नाही म्हणून हाताची खूणही ठरवलेली आहे.

लागलंच तर

स्वच्छ कापडानं जखम घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. हळद, कॉफी पूड, चुना भरू नका. डॉक्टरांना नंतर ते धुऊन काढावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

बोट तुटलं तर तुकडा शोधा. हलकेच पाण्यानं धुवा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर गोठून निकामी होतो. नीट थंड ठेवलेलं बोट बऱ्याच तासांनंतरही जोडता येतं, म्हणून घाबरून मिळेल त्या दवाखान्यात धावण्याआधी फोन करा आणि बोट जोडणारे सर्जन आत्ता आहेत का ते विचारा. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, खानापूरकरांना बेळगाव.

१०८ वर फोन करावा लागला तर पलीकडं बहुधा कन्नड बोलणारं माणूस असेल. घरातल्यांना दोन वाक्यं पाठ करून ठेवा. "बेरळु कट आगिदे" म्हणजे बोट कापलंय. "कण्णिगे पेट्टागिदे" म्हणजे डोळ्याला मार लागलाय. आम्ही ती शेडच्या दारावर, बटणाच्या बाजूला, मराठी अक्षरांत खडूनं लिहिली आहेत. त्याखाली घराचा पत्ताही लिहिलाय, कारण घाबरलेल्या माणसाला गल्लीचं नावसुद्धा आठवत नाही.