जुना किंवा बाहेरदेशी फोन घेताय? आधी बँड तपासा, मग पैसे द्या

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये फुल रेंज दाखवणारा फोन सातपुड्याच्या पायथ्याशी शिवारात नेला की नुसता रेंज शोधत बसतो. बहुतेक वेळा फोन खराब नसतो. तिथल्या टॉवरचा बँड, म्हणजे सिग्नल ज्या फ्रिक्वेन्सीवर येतो तो पट्टा, त्याला पकडताच येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी एवढं तपासा.

१. तुमच्या शिवारात कोणाची रेंज चालते ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फोनवर बघा. घराच्या गच्चीवरून नको, मळ्यात जाऊन बघा. धडगाव-अक्कलकुव्याकडे तर ही चौकशी सगळ्यात आधी.

२. *#०६# डायल करा. १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, दिसेल. इंग्रजी अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा. उत्तरात वेगळंच मॉडेल आलं किंवा ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट असं आलं, तर फोन जागीच परत करा.

३. सेटिंगमधल्या 'अबाउट फोन'मध्ये पूर्ण मॉडेल नंबर बघा. नाव एकच असलं तरी देशागणिक बँड बदलतात. आयफोनच्या नंबरशेवटी एचएन/ए म्हणजे भारतातला, एलएल/ए म्हणजे अमेरिकेतला. अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून पुढे सिमची खाचच नाही, ई-सिमच (कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम) लागतं. 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' नसेल तर तो फोन दुसऱ्या कंपनीचं सिम घेणार नाही.

४. आता त्या मॉडेल नंबरचे बँड कंपनीच्या वेबसाइटवर काढा आणि जुळवा. ४जीसाठी जिओ ३, ५, ४०. एअरटेल १, ३, ८, ४०. व्हीआय १, ३, ८, ४१. बीएसएनएल १ आणि २८. खेड्यात खरी मदार ५ (८५० मेगाहर्ट्‌झ), ८ (९००) आणि २८ (७००) यांच्यावर. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते, भिंतीतूनही आत शिरते. ४० वेगवान, पण त्याचा पल्ला तोकडा. रावेर-यावलच्या केळीबागांत फिरणाऱ्याने नुसता ३ आणि ४० असलेला फोन घेऊच नये. बीएसएनएल वापरायचं असेल तर बँड २८ नक्की बघा, जुन्या फोनांत तो बरेचदा नसतो. ५जीला एन७८ हा बँड हवाच. जिओसाठी एन२८ही असलेला बरा.

५. स्वतःचं सिम टाकून कॉल लावा. कॉल चालू असताना वरच्या पट्टीकडे बघा: ४जी किंवा व्होल्टीई (४जीवरूनच कॉल लावायची सोय) टिकून राहिलं तर ठीक, २जी किंवा 'ई' दिसलं तर व्होल्टीई बंद आहे. जिओकडे २जी नाहीच, त्यामुळे व्होल्टीई नसलेल्या फोनवर नेट पळतं पण साधा कॉल लागत नाही. सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टीई चालू करा. पर्यायच दिसत नसेल तर त्या फोनच्या सॉफ्टवेअरला आपली सिमकंपनी ठाऊक नाही. असा फोन स्वस्तातही घेऊ नका.

बँड जुळूनही रेंज नसेल तर सिम बघा. बीएसएनएलचं जुनं सिम ४जीचं करून घ्यावं लागतं. गुजरातच्या हद्दीवर फोन पलीकडचा टॉवर धरून बसला, तर नेटवर्क ऑटोमॅटिकवरून काढून हाताने निवडा.